ही बाजू वर

ता. ३ फेब्रुवारी

पाचर,

पत्राची सुरुवात सलामानं करावी, कितीही राग असला तरी, असं बाबा म्हणतात. म्हणून सलाम. झाला सलाम. आता ऐक.

अकरा दिवस इस्पितळात काढून काल दुपारी मी बाबांना घरी आणलं. गाडीतून उतरल्यावर त्यांना अंथरूण नको होतं, आधी त्यांचा सुतारकामाचा कारखाना बघायचा होता. मी कुलूप काढलं. बघते तर भिंतीला टेकवलेल्या आठ फळ्या गायब! आणि मधोमध, फळ्या कापायच्या दोन लाकडी घोड्यांवर, एक शवपेटी. चकचकीत. तोंड बघून घ्यावं असं पॉलिश. सहा पितळी मुठी, आत पांढरं साटिन, साटिनची उशी, आणि उशीवर तुझ्या फर्निचरच्या दुकानाचं कार्ड: 'बाबांसाठी, सर्वांत उत्तम.'

अरे, माणूस जिवंत आहे! इस्पितळातून जगून परत आलेल्या बापाचं स्वागत शवपेटीनं कोण करतं रे? बुद्धी काय दुकानात गहाण टाकलीस? शेजारीण सांगते, तू ट्रक घेऊन आला होतास, चार माणसं होती, आणि किल्ली तिच्याकडूनच मागून घेतलीस. म्हणजे इस्पितळात अर्धा तास फळं घेऊन बसलास, बाबांचा हात हातात धरलास, आणि तिथून थेट त्यांच्या फळ्या उचलायला गेलास. तोंड वर करून!

त्या फळ्या कसल्या होत्या ते तुला चांगलं माहीत आहे, तरी सांगते, मागाहून 'मला काय ठाऊक' म्हणायला नको. जुन्या चर्चमधला आपला तिसरा बाक. चर्चनं नवे बाक केले तेव्हा बाबांनी मजुरीऐवजी तो मागून घेतला, सोडवला, रंधा मारला, आणि सांगून ठेवलं, 'माझी पेटी ह्याची करा.' आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही एकच वस्तू आहे.

पस्तीस वर्षं त्यांनी ह्या मंडळीतल्या प्रत्येकाची पेटी केली. डॉक्टरची आणि हमालाची, एकाच मापाच्या फळ्यांची, एकाच पद्धतीनं, झाकणाच्या आतून पेन्सिलीनं नाव लिहून. मूठ नाही, नक्षी नाही. आणि त्यांना तू पितळेत घालतोस?

काल त्यांनी त्या पेटीवरून बोट फिरवलं, म्हणाले, 'सांध यंत्राची आहे,' आणि स्टुलावर बसून राहिले. त्यानंतर जेवले नाहीत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय, आता आठवडेच मोजा. फळ्या परत आण, आणि ते आहेत तोवर आण.

ताई

ता. १० फेब्रुवारी

ताई,

सलाम, आणि तुझ्यासारखा बळंच नाही.

फळ्या आणता येणार नाहीत. त्यांचं टेबल झालं. बारा माणसं बसतील असं, माझ्या नव्या घरासाठी. पंधरा वर्षं भुशात पडलेलं असलं लाकूड आता शोधून मिळत नाही. मी ते वाया जाण्यापासून वाचवलं असं समज. आणि बदल्यात माझ्याकडची सगळ्यांत भारी पेटी पाठवली. तू लगेच मला चोर ठरवून मोकळी.

बुद्धी गहाण टाकली म्हणतेस? मी तुला एका दिवसाची आठवण करून देतो. तू तेव्हा मोठी होतीस, तुझं रडून भागलं. मी पंधरा वर्षांचा होतो. आईसाठी बाबांनी सागाची पेटी करून ठेवली होती, तुला आठवते ना? आणि आई जायच्या तीन दिवस आधी ती उचलून त्या पहारेकऱ्याच्या मुलीसाठी दिली. परक्यांना! मग आईला काय? औषधांच्या दुकानामागे पडलेल्या खोक्यांच्या फळ्या. झाकणावर काळ्या शाईत छापलेलं, 'ही बाजू वर', आणि एक बाण. बाबांना तेवढंही रंधून काढता आलं नाही. पेटी नेताना माझ्या वर्गातली पोरं त्या बाणाकडे बोट दाखवून हसत होती. माझ्या आईला मालासारखं पुरलं, ताई. मालासारखं!

त्या दिवशी मी ठरवलं, आपल्या माणसांना कधी कुणी हसणार नाही एवढं मिळवायचं. मिळवलं. आता बाबांना मी बाकाच्या फळ्यांत घालू? माझी गिऱ्हाइकं येणार, ओळखीचे येणार, ते काय बघणार? 'एवढ्या मोठ्या दुकानाचा मालक, आणि बाप पाहा.' नाही. ते सहा पितळी मुठी धरून जातील. त्या मुठी मी स्वतः निवडल्यात, चाळीस नमुने बघून.

आणि तू. तुला गरिबी आवडते, ताई. छातीवर पदक लावावं तशी तू ती लावून फिरतेस. फाटकी चप्पल पायात घालून चर्चला जायचं आणि मागे वळून बघायचं, कुणी बघितली का. मला शहाणपण शिकवू नकोस.

बाबांची औषधं सोबत पाठवतोय. त्यात तरी खोट काढू नकोस.

पाचर

ता. २० फेब्रुवारी

पाचर,

सलाम.

तुझी पेटी गेली. थाटात गेली, एकदम मानानं. बाबा मात्र अजून इथंच आहेत.

आपल्या गल्लीत झाडायला यायची ती झाडूमावशी सोमवारी सकाळी चौकातच कोसळली आणि गेली. आपल्याच मंडळीतली, शेवटच्या बाकावर बसायची, चपलांच्या जवळ. तिची मुलगी माझ्यासोबत इस्पितळाच्या धुलाईखात्यात आहे, ओल्या चादरींच्या पेट्या उचलते. मुलगी बाबांकडे आली तेव्हा बाबांकडे फळी नव्हती आणि हातात जोर नव्हता. तिनं विचारलं, 'नुसत्या चादरीत पुरलं तर चालेल का?' बाबांनी तुझ्या पेटीकडे बोट केलं. 'ही ने.'

पाळकसाहेब म्हणाले, अहो, मुलानं तुमच्यासाठी पाठवलेली आहे. बाबा काय म्हणाले असतील? तेच, लहानपणापासून ऐकत आलोय ते. 'माझ्या प्रभूला स्वतःची कबरसुद्धा नव्हती. दुसऱ्याची होती, तीही तीन दिवसांपुरती. मला काय घाई?'

तर झाडूमावशी साटिनच्या उशीवर डोकं ठेवून गेली. सगळी मंडळी बघत होती. तुझी गिऱ्हाइकं नव्हती, एवढंच. तुझ्या पैशानं एकदाचं काहीतरी चांगलं झालं, आता रागावलास तरी हरकत नाही.

पण आता बाबांसाठी काहीच नाही. कारखान्यात एक फळी उभी नाही. टेबल सोड आणि लाकूड घेऊन ये. तू सुताराचा मुलगा आहेस. फोडता येतं, तसं जोडताही येतं तुला.

ताई

ता. २७ फेब्रुवारी

ताई,

तुम्ही दोघं मिळून माझं हसं करायचं ठरवलंय का? झाडूवालीला! मी ती पेटी करायला दिली तेव्हा पॉलिशचे सात हात मारून घेतले. पॉलिशवाल्याला वाटलं मी वेडा आहे. मी म्हटलं, माझ्या बापासाठी आहे. आणि तुम्ही ती दारात आलेल्या पहिल्या माणसाच्या हवाली केलीत. आईच्या वेळी तेच, आताही तेच. बाबांना परकी माणसं दिसतात. घरची कधी दिसली?

आणि तू लिहितेस ती काय मजेत लिहितेस! 'थाटात गेली'. निदान त्या सहा मुठी धरून सहा जणांनी नीट नेली का, एवढं तरी सांग. की त्याही चिखलात लोळवल्यात?

टेबल सोडणार नाही. गेल्या शनिवारी त्यावर पहिलं जेवण झालं, बारा माणसं. सगळ्यांनी लाकडाची तारीफ केली. एकानं विचारलं, कुठलं आहे? मी म्हटलं, समुद्रापारचं. काय सांगू, तिसरा बाक?

एक गोष्ट लिहिणार नव्हतो, पण लिहितो, कारण तिचाही राग आलाय. जेवताना टेबलाच्या कडेखाली सहज हात गेला तर बोटाला खाच लागली. मासोळी. मी आठ वर्षांचा असताना लांबलेल्या उपदेशात खिळ्यानं कोरलेली. आईनं त्यावरून माझा कान पिरगाळला होता. माझ्या माणसांनी त्या फळ्या उलट्या बसवल्या, म्हणून ती खालच्या अंगाला आली. बाकीचं जेवण मी काय बोललो मला आठवत नाही. पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, 'तुम्ही एक हात टेबलाखाली घालून का बसला होता?'

ह्याचा अर्थ काही काढू नकोस. मी येणार नाही.

पाचर

ता. ९ मार्च

माझ्या पाचरा,

सलाम. हे मी लिहितोय, कारखान्याच्या जाड पेन्सिलीनं, म्हणून अक्षर असं. ताई कामावर आहे. तुमची दोघांची पत्रं तिनं उशीखाली ठेवली होती, मी वाचली. म्हाताऱ्यांना करमणूक लागते.

मी तुझ्यावर रागावलोय, पण फळ्यांसाठी नाही. आई जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. एवढा काळ एक प्रश्न पोटात घालून फिरलास, आणि बापाला विचारला नाहीस! गाढवा, विचारायचं होतंस. आणि मीही गाढव, कारण मी सांगितलं नाही. तू बोलणं टाकलंस, मग घर टाकलंस, मलाही ताठा आला. आता ऐक.

ती सागाची पेटी मी दिली नाही. तुझ्या आईनं दिली. पहारेकऱ्याची मुलगी गेली तेव्हा तुझी आई खिडकीजवळच्या खाटेवर होती, तिनं त्या बापाचं रडणं ऐकलं. मला म्हणाली, 'तयार आहे ती द्या.' मी चिडलो, खूप चिडलो. म्हटलं, ती तुझी आहे, तुझ्यासाठी मी रात्रंदिवस खपलोय. ती म्हणाली, 'माझी आहे ना? मग मी दिली.' नंतर मी खोक्याच्या फळ्या आणल्या. ती खिडकीतून बघत होती. मी ती शाई रंधून काढायला घेतली तर आतून ओरडली, 'राहू द्या ते! बाण माझ्या डोक्याकडे ठेवा. वर जायचंय, वाट चुकायला नको.' आणि इतकी हसली की खोकला लागला. तिचं शेवटचं मोठ्यानं हसणं तेच. मी तो बाण कसा रंधणार होतो, सांग.

मला माहीत आहे, पोरं हसली. पण तुझी आई त्यांच्या आधी हसून गेली होती.

तू वस्तूंच्या मागे लागलास, त्याला कारण मीच आहे, असं मला आता वाटतं. तुला वाटलं आपल्याकडे काही नव्हतं म्हणून लोक हसले. अरे, प्रभूजवळ काय होतं? अंगावरचा अंगरखा, त्यावरसुद्धा शिपायांनी चिठ्ठ्या टाकल्या. तरी त्यानं कुणाचं काही धरून ठेवलं नाही. मी आयुष्यभर त्याच्यामागे चालायचा प्रयत्न केला आणि त्या आठ फळ्यांपाशी अडखळलो. माझ्या, माझ्या, म्हणत बसलो. तू त्या नेल्यास ते बरं झालं. पहिले दोन दिवस मला जेवण गेलं नाही, मग सुटल्यासारखं झालं.

टेबल सोडू नकोस. फक्त एक सांग, सांध कशी केलीस? खिळे मारले असशील तर इथं ये आणि मार खा. आणि त्यावर कोण बसतं, तेही कळव.

माझी पेटी खोक्याच्या फळ्यांची करा. बाण तपासून घ्या.

ताईवर चिडू नकोस. मीही चिडणार नाही असं ठरवलंय. कशावरून, ते ती सांगेल तेव्हा सांगेल.

बाबा

ता. २ एप्रिल

ताई,

सलाम.

दफनाच्या दिवशी तुझ्या घरात मी तोंड उघडलं नाही. मंडळी होती, आणि आपण दोघांनी मिळून पेटी केली होती, तुझ्या हाताला फोड आले होते, म्हणून गप्प बसलो. आता बोलतो.

बाबांचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी निघायला हवं होतं. मी दुकानात नवा माल लावत बसलो. चौथ्या दिवशी निघालो, आणि पोचलो तेव्हा तू दारात उभी होतीस, आणि तुझ्या चेहऱ्यावरून मला कळलं. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांना सांगायचं राहिलं की टेबलाला एकही खिळा नाही. सगळ्या सांधा खाचेत बसवल्यात. त्यांनीच शिकवल्या तशा.

पण दुसरी गोष्ट. दफन करून आल्यावर तू म्हणालीस, चहा टाक. मी साखर शोधायला स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. कशानं उघडलं? पितळी मुठीनं! दोन दारं, दोन मुठी. चाळीस नमुन्यांतून मी निवडलेल्या. खाटेखालची ट्रंक ओढून बघितली तर इस्पितळाच्या चादरीत गुंडाळलेल्या उरलेल्या चार.

वा, ताई, वा! मी चोर, मी लोभी, माझी बुद्धी गहाण. आणि तू मेलेल्या बाईच्या पेटीच्या मुठी काढून साखरेच्या कपाटाला लावल्यास. मी निदान जिवंत माणसाचं नेलं! म्हणूनच माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाहीस. मी विचारत होतो, सहा जणांनी नीट नेली का, आणि तू मूग गिळून बसलीस.

आयुष्यभर मी स्वतःला तुझ्यापुढे लहान समजत आलो. ताई चर्चला जाते, ताईला काही नको असतं, ताई बाबांजवळ राहिली. कशाला एवढं नाटक? उत्तर दे. ह्या वेळी सरळ दे.

पाचर

ता. १४ एप्रिल

पाचर,

सलाम.

बरोबर आहे तुझं. मी चोर आहे. आठएक दिवस मी तुला खरमरीत उत्तरं लिहिली आणि फाडली. सगळ्यांत मी तुलाच शिव्या देत होते, आणि सगळी खोटी वाटत होती.

सांगते. पेटी द्यायची ठरली त्या दुपारी बाबा जरा पडले होते. मी कारखान्यात एकटी होते. त्या मुठींवर ऊन पडलं होतं. मला वाटलं, ह्या मातीत जाणार, कुणाला दिसणार नाहीत. माझ्या कपाटाच्या दाराला आईच्या वेळेपासून सुतळी आहे. मला राग आला, कुणाचा ते विचारू नकोस, सगळ्यांचाच. तू महाल बांधलास, बाबा देत सुटलेत, आणि मला कुणी कधी काही दिलं? सगळ्यांच्या चादरी धुण्यात माझा जन्म गेला. स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सहाही काढल्या. दहा मिनिटं लागली. मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

बाबा उठून आले. प्रत्येक मुठीला चार स्क्रू, म्हणजे चोवीस भोकं. त्यांनी ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी पटाशी घेतली, सरसाचं भांडं घेतलं आणि स्टुलावर बसून लाकडाच्या बारीक खुंट्या करायला लागले. दोनदा बोट कापलं. चोवीस खुंट्या, एकेक ठोकून, वरून घासून, पॉलिशचं बोट फिरवून. मध्ये श्वास लागला की थांबायचे. मी म्हटलं, 'राहू द्या बाबा, कोण बघतंय.' तेव्हा एवढंच बोलले, 'हिच्याकडून जन्मभर लोकांनी काढून घेतलं. मेल्यावर तरी ते दिसायला नको.' मग मला सरस धरायला सांगितला. मी तीन तास सरस धरून उभी होते, पाचर. त्यापेक्षा त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते जाईपर्यंत मला त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि मी कपाटाच्या मुठी काढल्या नाहीत. रोज त्याच मुठीनं कपाट उघडून त्यांना साखर दिली.

तुझं पत्र आलं आणि मी सहाही मुठी घेऊन झाडूमावशीच्या मुलीकडे गेले. धुलाईखात्यातच, जेवणाच्या सुट्टीत. सगळं सांगितलं. मनात कुठेतरी होतं की ती म्हणेल, जाऊ द्या ताई, तुम्ही देवमाणूस.

ती माझ्या अंगावर आली. म्हणाली, 'मुठींचं काय घेऊन बसलात? बारा वर्षं माझी आई तुमचं दार झाडत होती. पाणी मागितलं की तुम्ही पायरीवर आणून द्यायचात, वेगळ्या पेल्यात. कधी म्हणालात, आत ये, बस? चर्चमध्ये ती चपलांजवळ बसायची, तुम्ही तिला ओलांडून पुढे जायचात. मेल्यावर साटिन! तिला साटिन नको होतं, खुर्ची हवी होती. त्या दिवशी सगळ्यांसमोर मला आभार मानावे लागले, म्हणून मानले. ठेवा तुमचं पितळ.' आणि चादरींची पेटी उचलून निघून गेली.

मला आधी तिचाच राग आला. म्हटलं, काय ही उद्धट पोरगी! दोन दिवस तोच राग धरून होते. तिसऱ्या दिवशी मी प्रार्थनेला गुडघ्यांवर बसले आणि मला माझाच धडा आठवला. प्रभू पापी लोकांच्या पंगतीला जाऊन बसायचा, हे मी रविवारच्या शाळेत मुलांना वीस वर्षं शिकवलं. माझ्या घरात स्टूल एक आहे, आणि त्यावर मी बसते. मला काही नको, असं मी म्हणते ना? मला सगळं हवं होतं, पाचर, फक्त कुणी बघू नये असं हवं होतं. तू बाहेर मांडलंस, मी ट्रंकेत घातलं. बाकी आपण एकाच बाकावर वाढलो.

बाबांनी तुला विचारलं होतं, टेबलावर कोण बसतं. तू त्यांना उत्तर दिलं नाहीस. ते टेबल मला दे. फळ्या नकोत, टेबल, अख्खं. कारखान्यात ठेवू. मुठी तुझ्या आहेत, तू सांगशील तसं करीन.

ताई

ता. २९ एप्रिल

ताई,

सलाम.

तुझं पत्र आलं तेव्हा मी इतका खूष झालो की बायकोला मोठ्यानं वाचून दाखवणार होतो. 'बघ, माझी संत बहीण!' चोवीस भोकांपर्यंत वाचलं आणि पुढे वाचता येईना. तिनं पत्र हातातून घेतलं आणि ती वाचत राहिली.

मी चिडलोय अजून. स्वतःवर, तुझ्यावर, आणि त्या पोरीवरही, कारण तिनं मला न बघता माझं बोलून दाखवलं. त्या शनिवारी माझ्या टेबलावर जी बारा माणसं बसली, त्यांतला एकजणही बाबांच्या दफनाला आला नाही. एकही नाही, ताई. ज्यांनी हसू नये म्हणून मी एवढा जन्म घालवला, त्यांना फुरसत नव्हती. आणि बाबांची ती खोक्याची पेटी खांद्यावर घ्यायला गल्लीतल्या माणसांची झोंबाझोंबी चालली होती. मला खांदा द्यायला मधे घुसावं लागलं. माझं नाव उगाच पाचर नाही.

टेबल घेऊन येतोय. विकत नाहीये, देतोय, आणि उपकार करत नाहीये. तू ताई आहेस म्हणून नाही. बाबांना उत्तर द्यायचं राहिलंय म्हणून. दुकान बंद करून संन्यास घेतलाय असं समजू नकोस. मला अजून चांगल्या वस्तू आवडतात, कदाचित नेहमीच आवडतील. पण काल टेबल गुंडाळताना हात आखडला नाही. एवढं मला माझ्याकडून अपेक्षित नव्हतं. मी गाडीत बसून प्रार्थना केली, आई गेल्यावर पहिल्यांदा. काय बोललो ते तुला सांगणार नाही.

मुठींचं एक डोक्यात आहे. ती मुलगी ओल्या चादरींच्या पेट्या उचलते म्हणालीस. त्या लाकडी आहेत ना? त्यांना धरायला काही आहे का? स्क्रू आणि पटाशी माझी मी आणतो. तू फक्त आत जायची परवानगी काढून ठेव.

पाचर

ता. ७ जून

पाचर,

सलाम, आणि ह्या वेळी बाबांनी सांगितलं म्हणून नाही.

तू गेल्यावर इथलं सांगायचं राहिलं. टेबल आत घेताना तू चौकट काढलीस ती परत नीट बसवली नाहीस. दार घासतं. सुताराचा मुलगा म्हणे! पुढच्या वेळी येशील तेव्हा आधी ते कर, मग जेव.

धुलाईखात्यात तीन पेट्यांना तुझ्या सहा मुठी चमकतात. खात्याच्या मोठ्या बाईंनी विचारलं, हे काय आणि कुणी लावलं? मी म्हटलं, मीच काढल्या होत्या, माझ्या भावानं लावल्या. त्यांना काही कळलं नाही. झाडूमावशीच्या मुलीला मात्र कळलं. पहिल्या दिवशी तिनं मूठ धरून पेटी उचलली, बोटं वळवून बघितली आणि म्हणाली, 'आता कड बोटांना कापत नाही.' त्यापलीकडे काही नाही. मी आभारांची वाट बघत होते, एवढी मी अजून तशीच आहे.

तीन रविवार मी तिला त्या टेबलावर जेवायला बोलावलं. दोनदा नाही म्हणाली. मला राग आला, पण चौथ्यांदा बोलवायचं ठरवून टाकलं होतं. तिसऱ्यांदा आली. पायरीवर थांबली. मी आतून ओरडले, 'दार घासतं, जोरात ढकल!' तिनं ढकललं आणि आत आली. पहारेकरी होते, शेजारीण होती, पाळकसाहेब होते. तू टेबलाबरोबर आणलेल्या खुर्च्यांतली एक तिनं स्वतः ओढली आणि मधोमध बसली, जिथं बाबा बसले असते तिथं. जेवताना एकदम थांबली. टेबलाखाली हात घालून म्हणाली, 'इथं काहीतरी कोरलंय. मासा आहे का?' मी म्हटलं, 'माझ्या भावानं. तो लहान होता.' म्हणाली, 'वाकडा आहे.' सगळे हसले. तुझ्यावर हसले, पाचर, आणि तू इथं असायला हवा होतास.

मग तिनं चहात साखर कमी आहे म्हणून सांगितलं. मी उठले. कपाटाला आता काहीच नाही, सुतळीही कुजून गेली. मी चमच्याचा दांडा फटीत घालून दार उघडलं आणि डबा टेबलावर आणून ठेवला.

ताई